घूर्णन गती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील पहिलेच प्रकरण घूर्णन गतीचे आहे, आणि अनेक विद्यार्थ्यांची गाडी तिथेच पहिल्यांदा अडते. सरळ रेषेतील गतीची सूत्रे पाठ असतात, नव्या राशींची नावे त्यांच्याशेजारी लिहून घेतलेली असतात, तरीही उदाहरण सोडवताना उत्तर चुकते. यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते: वस्तू कोणत्या आसाभोवती फिरते आहे हे ठरवण्याआधीच आकडे सूत्रात घातले जातात. पुढील सर्व उत्तरांत हा आसाचा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल, कारण या विषयात तो टाळून पुढे जाता येत नाही.

वर्तुळाकार गती आणि घूर्णन गती यांत फरक काय?

वर्तुळाकार गती ही एखाद्या कणाची, किंवा जिचा आकार विचारात घेण्याची गरज नाही अशा वस्तूची गती आहे. तो कण एका बिंदूभोवती ठरावीक अंतर राखून फिरतो. घूर्णन गती ही आकार असलेल्या दृढ वस्तूची गती आहे. दृढ वस्तू म्हणजे जिच्यातील कोणत्याही दोन कणांमधील अंतर बदलत नाही अशी वस्तू. अशी वस्तू स्थिर आसाभोवती फिरते, तेव्हा तिचा प्रत्येक कण आपापल्या त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असतो, या सर्व वर्तुळांची केंद्रे आसावर असतात आणि सर्व कण समान वेळात समान कोनातून वळतात.

जत्रेतील आकाशपाळण्यात हा फरक स्पष्ट दिसतो. पाळण्याचे मोठे चाक मधल्या आसाभोवती घूर्णन करते. त्याला टांगलेली बैठक मात्र संपूर्ण फेरीत सरळच राहते. वर गेल्यावर त्यात बसलेल्या माणसांची डोकी खाली होत नाहीत. म्हणजे बैठक वर्तुळाकार मार्गाने जाते खरी, पण ती स्वतः घूर्णन करत नाही. मार्ग वर्तुळाकार असणे आणि वस्तूने स्वतः वळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

कोन अंशांत न मोजता रेडियनमध्ये का मोजतात?

कंसाची लांबी आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर म्हणजे रेडियनमधील कोन. पूर्ण फेरीत हे गुणोत्तर २ पाय (π), म्हणजे सुमारे ६.२८ भरते आणि १ रेडियन सुमारे ५७.३ अंशांएवढा होतो. या व्याख्येमुळे ‘वेग = त्रिज्या × कोनीय वेग’ (कोनीय वेग म्हणजे दर सेकंदाला वळलेला कोन) हे साधे सूत्र कोणत्याही जास्तीच्या गुणकाशिवाय लागू पडते. कोन अंशांत ठेवला तर प्रत्येक सूत्रात पाय भागिले १८० हा गुणक सोबत न्यावा लागेल. यंत्रांवर वेग मिनिटाला किती फेरे असा दिलेला असतो. त्याला २ पायने गुणून ६० ने भागले की रेडियन प्रति सेकंद मिळतात. ही पायरी विसरल्याने सुटणारे गुण फार आहेत.

पंख्याच्या पात्याचे टोक आणि मधला भाग एकाच वेगाने फिरतात का?

दोन्हींचा कोनीय वेग एकच असतो, रेषीय वेग मात्र वेगळा असतो. घरातील छताचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत आहे असे समजू. म्हणजे सेकंदाला ५ फेरे, आणि कोनीय वेग ३१.४ रेडियन प्रति सेकंद. पात्याचे टोक आसापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर त्याचा वेग सुमारे १८.८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ ६८ किलोमीटर होतो. पात्याच्या मध्यावरील बिंदूचा वेग याच्या निम्मा असतो आणि आसाच्या अगदी जवळच्या भागाचा नगण्य असतो.

बटण बंद केल्यावर हा पंखा ४० सेकंदांत थांबला आणि त्याचा वेग एकसारखा कमी होत गेला असे धरले, तर सरासरी वेग मिनिटाला १५० फेऱ्यांचा येतो आणि थांबेपर्यंत पंखा १०० फेरे घेतो. कोनीय मंदन ०.७८५ रेडियन प्रति सेकंद वर्ग येते. सरळ रेषेतील गतीच्या तीन समीकरणांत विस्थापनाऐवजी कोन, वेगाऐवजी कोनीय वेग आणि त्वरणाऐवजी कोनीय त्वरण घातले की हेच उत्तर मिळते, परंतु ती समीकरणे कोनीय त्वरण स्थिर असतानाच वापरता येतात. खऱ्या पंख्यात हवेचा विरोध वेगानुसार बदलतो, त्यामुळे सुरुवातीला तो झपाट्याने मंदावतो आणि शेवटचे काही फेरे रेंगाळत घेतो. उदाहरणात ‘एकसमान मंदन’ असे शब्द असतील तरच ही समीकरणे हाती घ्यावीत.

चाल बदलत नसेल, तर वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला त्वरण कसे असते?

वेग ही सदिश राशी आहे आणि तिची दिशा बदलणे हाही वेगातील बदलच आहे. वर्तुळात फिरणाऱ्या कणाच्या वेगाची दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणून त्याला त्वरण असते आणि ते केंद्राकडे असते. त्याचे मूल्य चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, किंवा कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या असे लिहितात.

ज्वारीच्या शेतात पाखरे राखणाऱ्याची गोफण डोळ्यांसमोर आणावी. दगड डोक्यावरून गरगर फिरत असताना गोफणीच्या दोऱ्या त्याला सतत हाताकडे खेचत असतात. हे खेचणे म्हणजेच अभिकेंद्री बल. दोन दोऱ्यांपैकी एक सुटली की हे बल नाहीसे होते आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेने निघून जातो. तो हातापासून त्रिज्येच्या दिशेने बाहेर फेकला जात नाही. म्हणूनच दगड समोर जायला हवा असेल, तर तो समोर पोहोचण्याच्या सुमारे पाव फेरी आधी, म्हणजे बाजूला असताना दोरी सोडावी लागते. सराव असलेल्या राखणदाराचा हात हे बरोबर साधतो.

‘अभिकेंद्री’ हा बलाचा स्वतंत्र प्रकार नाही, हेही लक्षात घ्यावे. गोफणीत ते दोरीतील ताण असते, चंद्राच्या बाबतीत गुरुत्वबल, वळणावरील मोटारीच्या बाबतीत रस्त्याचे घर्षण. खो-खोचा खेळाडू धावत येऊन खांब पकडून वळतो तेव्हा ते खांबाने त्याच्या हातावर लावलेले बल असते. समजा, ५० किलोग्रॅम वस्तुमानाचा खेळाडू ४ मीटर प्रति सेकंद चालीने १ मीटर त्रिज्येत वळतो. त्यासाठी ८०० न्यूटन बल लागते, आणि हे त्याच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक आहे. एवढे घर्षण पायाखालच्या मातीतून मिळणे कठीण, म्हणून हाताला खांबाचा आधार लागतो. बलांची आकृती काढताना ताण, घर्षण, गुरुत्व अशी खरी बले दाखवून झाल्यावर शेजारी ‘अभिकेंद्री बल’ असा आणखी एक बाण काढणे ही मोठी चूक आहे.

मग अपकेंद्री बल खरे की काल्पनिक?

आपण कुठे उभे राहून पाहतो, यावर उत्तर अवलंबून आहे. एसटी उजवीकडे वळते तेव्हा प्रवासी डावीकडे ढकलला गेल्यासारखा वाटतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला मात्र असे कोणतेही बल दिसत नाही. त्याच्या दृष्टीने प्रवाशाचे शरीर सरळ रेषेतच जाऊ पाहते आणि गाडीच त्याच्याखालून उजवीकडे वळते. गाडीच्या फिरत्या चौकटीत बसून न्यूटनचे नियम वापरायचे असतील, तर हिशेब जुळण्यासाठी बाहेरच्या दिशेने एक बल धरावे लागते. तेच अपकेंद्री बल. ते लावणारी कोणतीही वस्तू दाखवता येत नाही, म्हणून त्याला आभासी बल म्हणतात. फिरत्या चौकटीत ते वापरणे पूर्णपणे योग्य आहे. चूक होते ती दोन्ही चौकटी एकाच आकृतीत मिसळल्यावर.

कपडे धुण्याच्या यंत्रातही हेच घडते. पिळण्याच्या वेळी २० सेंटिमीटर त्रिज्येचे पिंप मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर त्याच्या भिंतीपाशी लागणारे अभिकेंद्री त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २२० पट असते. कपड्याला पिंपाची भिंत आत ढकलत ठेवते. पाण्यासमोर भोके आली की त्याला आत ढकलणारे काहीच उरत नाही आणि ते स्पर्शिकेच्या दिशेने बाहेर पडते.

घाटातील वळणावर वेगाची मर्यादा वाहनाच्या वजनावर अवलंबून असते का?

सपाट वळणावर घसरण्यापुरता विचार केला, तर नाही. लागणारे अभिकेंद्री बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि मिळू शकणारे कमाल घर्षणही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते. कमाल चालीचा वर्ग हा घर्षणांक, गुरुत्व त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. ५० मीटर त्रिज्येचे वळण आणि कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.६ धरला, तर मर्यादा ताशी सुमारे ६२ किलोमीटर येते. पावसाने घर्षणांक ०.३ वर आला, तर तीच मर्यादा ताशी सुमारे ४४ किलोमीटर होते. घर्षण निम्मे झाल्याने मर्यादा निम्मी होत नाही, कारण चालीचा वर्ग घर्षणाच्या प्रमाणात असतो. तरीही जूनमधल्या पहिल्या पावसात, रस्त्यावरचे तेल आणि माती ओली झालेली असताना, हा फरक जीवावर बेतू शकतो.

वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच करतात, कारण तिरक्या रस्त्याच्या प्रतिक्रिया बलाचा एक घटक आतल्या बाजूला येतो आणि घर्षणावरचा भार हलका होतो. घर्षणाची मुळीच गरज पडू नये असा उतार काढायचा झाल्यास त्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे चालीचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार.

उलटण्याचा धोका मात्र वेगळा मोजावा लागतो. उंचावर माल रचलेल्या ट्रकचा वस्तुमान मध्य वर सरकलेला असतो, त्यामुळे तो घसरण्याआधीच बाहेरच्या चाकांवर कलंडू शकतो. इथे चाकांमधील अंतर आणि वस्तुमान मध्याची उंची यांचे गुणोत्तर निर्णायक ठरते.

टॉर्क म्हणजे नेमके काय?

बलाची फिरवण्याची क्षमता म्हणजे त्याचे परिबल, ज्याला आपण सर्रास टॉर्क म्हणतो. टॉर्क तीन गोष्टींवर अवलंबून असतो: बल किती आहे, ते आसापासून किती अंतरावर लावले आहे, आणि त्रिज्येशी त्याचा कोन किती आहे. बलाची क्रियारेषा आसातूनच जात असेल, तर कितीही जोर लावला तरी टॉर्क शून्यच राहतो.

दळणाचे जाते पाहिल्यास हे सगळे एका ठिकाणी सापडते. वरच्या दगडाच्या मध्यावर आस, आणि काठाजवळ बसवलेला लाकडी खुंटा. खुंटा आसापासून १६ सेंटिमीटरवर आहे आणि दळणारीचा हात स्पर्शिकेच्या दिशेने २० न्यूटन बल लावतो असे समजा. टॉर्क ३.२ न्यूटन-मीटर झाला. तोच खुंटा आसापासून ८ सेंटिमीटरवर ठोकला असता, तर तेवढ्याच टॉर्कसाठी ४० न्यूटन बल लागले असते. शेरभर दाणे दळून होईपर्यंत हा फरक खांद्याला चांगलाच जाणवला असता.

इथे आणखी एक बारकावा आहे आणि तो पुस्तकातील आकृतीत सहसा दिसत नाही. खुंटा फिरत राहतो, त्यामुळे स्पर्शिकेची दिशा सतत बदलते, आणि हातालाही आपली दिशा सतत बदलावी लागते. कधी पुढे ढकलायचे, कधी बाजूला न्यायचे, कधी स्वतःकडे ओढायचे. हाताचे बल त्रिज्येच्या दिशेने जेवढे वाया जाईल, तेवढे ते फक्त मधल्या खिळ्यावर दाब देते आणि दगडाला फिरवत नाही. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात तेव्हा एकीच्या हाताला जी दिशा अवघड पडते तीच दुसरीच्या हाताला सोपी पडते, आणि दगड फेरीभर एकसारखा फिरतो. टॉर्कच्या सूत्रातील कोनाच्या साइनचा अर्थ यापेक्षा चांगला समजावणारे उदाहरण मला माहीत नाही.

टॉर्क आणि ऊर्जा दोन्ही न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. मग ती एकच राशी आहे का?

नाही. टॉर्क सदिश आहे, ऊर्जा अदिश आहे. घट्ट बसलेल्या नटाला पाना लावून पूर्ण ताकद लावली आणि नट हललाच नाही, तर टॉर्क भरपूर आहे पण कार्य शून्य आहे. टॉर्कला वळलेल्या कोनाने, रेडियनमध्ये, गुणल्यावरच कार्य मिळते. म्हणून टॉर्कसाठी ज्यूल हे एकक लिहीत नाहीत.

जडत्व-परिबल आणि वस्तुमान यांत काय फरक आहे?

सरळ गतीत वस्तुमान जे काम करते, ते घूर्णन गतीत जडत्व-परिबल, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया करते, असे शिकवले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. वस्तूचे वस्तुमान एकच असते. जडत्व-परिबल मात्र आस बदलला की बदलते. प्रत्येक कणाचे वस्तुमान गुणिले त्याच्या आसापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि या सर्वांची बेरीज, अशी त्याची व्याख्या आहे. अंतराचा वर्ग येत असल्याने दूरचे थोडे वस्तुमानही जवळच्या बऱ्याच वस्तुमानाला भारी पडते. ही राशी आणि तिचे नाव लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात रूढ केले.

एकसारख्या काठीचा आस तिच्या मध्यातून, काठीला लंब असा घेतला, तर जडत्व-परिबल वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२ येते. तोच आस टोकाशी नेला तर भागिले ३, म्हणजे चौपट. काठी तीच आहे, एक ग्रॅमही वाढलेला नाही. ‘या काठीचे जडत्व-परिबल किती?’ हा प्रश्नच म्हणूनच अपुरा आहे, आणि असे अपुरे प्रश्न मनात ठेवून सूत्रे पाठ करणे हेच या प्रकरणाच्या भीतीचे मूळ आहे असे माझे ठाम मत आहे.

फलंदाज झटपट फटका मारायचा असल्यास बॅट मुठीच्या खालच्या बाजूला धरतो. त्यामुळे बॅटचे वस्तुमान हातांच्या जवळ येते, जडत्व-परिबल घटते आणि तेवढ्याच टॉर्कने बॅट लवकर वळते. दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी याच्या उलट करते. ती लांब काठी आडवी धरते, म्हणजे दोराभोवतीचे जडत्व-परिबल वाढते, तोल जाण्याची क्रिया संथ होते आणि सावरायला वेळ मिळतो.

समांतर आसाचे आणि लंब आसाचे प्रमेय केव्हा वापरावे?

समांतर आसाचे प्रमेय कोणत्याही आकाराच्या वस्तूला लागू होते, पण त्यातला एक आस वस्तुमान मध्यातूनच जायला हवा. मध्यातील जडत्व-परिबलात वस्तुमान गुणिले दोन आसांमधील अंतराचा वर्ग मिळवायचा. वरील काठीवर ताळा करून पाहता येतो: एक द्वादशांश अधिक एक चतुर्थांश म्हणजे एक तृतीयांश. लंब आसाचे प्रमेय (वस्तूच्या प्रतलातील दोन परस्परलंब आसांभोवतीच्या जडत्व-परिबलांची बेरीज म्हणजे त्यांच्या छेदबिंदूतून प्रतलाला लंब जाणाऱ्या आसाभोवतीचे जडत्व-परिबल) फक्त पातळ, सपाट वस्तूंसाठी आहे. गोलाला किंवा जाड दंडगोलाला ते लावू नये.

इंजिनाला एवढे जड चाक कशासाठी बसवतात?

गावातील पिठाच्या गिरणीच्या जुन्या डिझेल इंजिनाला बाजूला एक भलेमोठे लोखंडी चाक असते. चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोटाचा फटका मिळतो. उरलेला वेळ यंत्र साठलेल्या ऊर्जेवर फिरते, आणि ही साठवण हे चाक, म्हणजे फ्लायव्हील करते. समजा, ५० किलोग्रॅमचे जवळजवळ सर्व वस्तुमान आसापासून ३० सेंटिमीटरवरच्या कडेत आहे आणि चाक मिनिटाला ६०० फेरे घेते. जडत्व-परिबल ४.५ किलोग्रॅम-मीटर वर्ग, आणि घूर्णनाची गतिज ऊर्जा सुमारे ८,९०० ज्यूल येते. एवढ्या ऊर्जेने तेच चाक सुमारे १८ मीटर उंच उचलता आले असते. लोखंड मध्याऐवजी कडेला का ओतलेले असते, हे वेगळे सांगण्याची गरज उरू नये.

उतारावरून गोल, चकती आणि कडे एकाच वेळी सोडले तर आधी कोण पोहोचेल?

न घसरता घरंगळत असतील तर आधी भरीव गोल, मग चकती, शेवटी कडे. विशेष म्हणजे या क्रमात वस्तुमान आणि त्रिज्या यांना स्थान नाही. लहान गोटी आणि मोठा भरीव लोखंडी गोळा बरोबरच पोहोचतील.

कारण ऊर्जेच्या वाटणीत आहे. उंचीवरून मिळालेली स्थितिज ऊर्जा दोन भागांत वाटली जाते: पुढे जाण्याची गतिज ऊर्जा आणि फिरण्याची गतिज ऊर्जा. कड्याचे सारे वस्तुमान काठावर असल्याने त्याच्या वाटणीत निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. चकतीत एक तृतीयांश आणि भरीव गोलात फक्त दोन सप्तमांश जाते. १ मीटर उंचीच्या उताराच्या पायथ्याशी गोलाचा वेग ३.७४, चकतीचा ३.६१ आणि कड्याचा ३.१३ मीटर प्रति सेकंद येतो. घर्षणाशिवाय नुसत्या सरकणाऱ्या ठोकळ्याचा वेग ४.४३ असतो, कारण त्याला फिरण्यावर काहीच खर्च करावा लागत नाही.

चाक पुढे जात असताना त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू स्थिर असतो, हे पटत नाही.

न पटणे स्वाभाविक आहे. चाकाचा मध्य पुढे जातो त्या वेगानेच तळाचा बिंदू मध्याच्या तुलनेत मागे जात असतो. दोन्ही वेग मिळून त्या क्षणी शून्य होतात. माथ्यावरच्या बिंदूसाठी ते एकाच दिशेने असल्याने त्याचा वेग दुप्पट होतो. सायकलच्या चाकाचे छायाचित्र थोड्या जास्त वेळेसाठी उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याने काढले, तर खालच्या तारा बऱ्यापैकी स्पष्ट आणि वरच्या धूसर येतात, ते यामुळेच. तळाचा बिंदू घसरत नसल्याने तिथले घर्षण स्थितिक असते आणि आदर्श घरंगळण्यात ते ऊर्जा खर्च करत नाही.

याचाच पुढचा भाग अधिक चकित करणारा आहे. रेल्वेच्या चाकाची आतली कड रुळाच्या माथ्याच्या थोडी खाली लोंबते. ती चाकाच्या टेकणबिंदूच्याही खाली असल्याने तिचा सर्वांत खालचा भाग क्षणभर मागे जात असतो. म्हणजे पुण्याहून मुंबईकडे वेगाने निघालेल्या गाडीचाही काही भाग प्रत्येक क्षणी पुण्याकडे जात असतो.

कोनीय संवेग केव्हा अक्षय्य राहतो? आणि तेव्हा ऊर्जा का वाढते?

बाहेरून लागणारा एकूण टॉर्क शून्य असेल, तर कोनीय संवेग, म्हणजे जडत्व-परिबल गुणिले कोनीय वेग, बदलत नाही. फिरत्या स्टुलावर हात पसरून बसलेल्या माणसाने हात छातीशी घेतले की तो भराभर फिरू लागतो, हे प्रात्यक्षिक सर्वांनी पाहिलेले असते. जडत्व-परिबल निम्मे झाले तर कोनीय वेग दुप्पट होतो.

आता गतिज ऊर्जा काढून पाहावी. ती अर्धा गुणिले जडत्व-परिबल गुणिले कोनीय वेगाचा वर्ग असते, म्हणजे ती दुप्पट झाली. बाहेरून टॉर्क नाही, तरी ऊर्जा वाढली. विद्यार्थी इथे थबकतात, आणि थबकायलाच हवे. ही ऊर्जा त्या माणसाच्या स्नायूंनी दिली. फिरत असताना हात आत घेण्यासाठी जोर लावावा लागतो, हात त्या जोराच्या दिशेने सरकतात, म्हणजे कार्य घडते. हातात दोन-दोन किलोची वजने धरून हा प्रयोग केला, तर ते कार्य दंडांना स्पष्ट कळते. कोनीय संवेग अक्षय्य आहे म्हणून गतिज ऊर्जाही अक्षय्य असेल, असे गृहीत धरणे ही स्पर्धा परीक्षांतील नेहमीची चूक आहे.

ताऱ्यांच्या बाबतीत हाच नियम अफाट प्रमाणात काम करतो. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन तारा बनतो, तेव्हा त्रिज्या शेकडो पटींनी घटल्याने फिरण्याचा वेग प्रचंड वाढतो. चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदवलेल्या स्फोटातून उरलेला क्रॅब पल्सार (पल्सार म्हणजे ठरावीक अंतराने स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा) आजही सेकंदाला सुमारे ३० फेरे घेतो. पहिला पल्सार जोसेलिन बेल यांनी १९६७ मध्ये शोधला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामात पल्सारच्या निरीक्षणांना महत्त्वाचे स्थान आहे.

सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूलाही कोनीय संवेग असतो का?

असतो, जर निवडलेला बिंदू तिच्या मार्गावर नसेल तर. संवेग गुणिले त्या बिंदूपासून मार्गरेषेचे लंब अंतर, इतका तो असतो. याच कारणाने उघड्या दाराच्या कडेवर आदळलेला चेंडू दार फिरवू शकतो आणि बिजागरीजवळ आदळलेला चेंडू जवळजवळ काहीच करू शकत नाही.

भोवरा फिरत असताना पडत का नाही?

थोडा कललेला भोवरा त्याच्या आरीवर उभा आहे. त्याचे वजन त्याला खाली पाडणारा टॉर्क देते. भोवरा फिरत नसता, तर हा टॉर्क त्याला सरळ आडवा करून टाकता. फिरणाऱ्या भोवऱ्याकडे मात्र आधीच भरपूर कोनीय संवेग आहे आणि त्याची दिशा त्याच्या आसाच्या दिशेने आहे. वजनाच्या टॉर्कची दिशा आडवी, या आसाला लंब असते. टॉर्क कोनीय संवेगात आपल्या दिशेने भर घालतो, त्यामुळे आस खाली न जाता बाजूला सरकतो. पुढच्या क्षणी टॉर्कची दिशाही तेवढीच बाजूला सरकलेली असते, आणि असे करत करत आसाचे टोक हवेत वर्तुळ काढू लागते. याला पुरस्सरण म्हणतात.

पुरस्सरणाचा वेग म्हणजे वजनाचा टॉर्क भागिले कोनीय संवेग, हा अंदाज जलद फिरणाऱ्या भोवऱ्यासाठी चांगला आहे. १०० ग्रॅमचा, अडीच सेंटिमीटर त्रिज्येचा, आरीपासून ३ सेंटिमीटरवर वस्तुमान मध्य असलेला भोवरा सेकंदाला २० फेरे घेत असेल, आणि त्याचा आकार ढोबळमानाने चकतीसारखा धरला, तर पुरस्सरण सेकंदाला एक फेरीहून थोडे अधिक येते. फेरे निम्मे झाले की पुरस्सरण दुप्पट होते. भोवरा दमत आला की तो जास्त वेगाने डुलू लागतो, हे अंगणात भोवरा खेळलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

पृथ्वीचा आसही असाच डुलतो. सूर्य आणि चंद्र तिच्या फुगलेल्या विषुववृत्तीय भागावर टॉर्क लावतात, आणि एक वर्तुळ पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात.

पृथ्वी फिरते हे आकाशाकडे न पाहता दाखवता येते का?

येते. लेऑन फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून हे दाखवले. लंबकाच्या आंदोलनाचे प्रतल जमिनीच्या तुलनेत हळूहळू वळते. ध्रुवावर ते सुमारे २४ तासांत पूर्ण फेरी घेते, विषुववृत्तावर मुळीच वळत नाही, आणि मधल्या ठिकाणी अक्षांशाच्या साइननुसार वळते. पुण्यात हा दर ताशी पावणेपाच अंशांच्या आसपास येतो, म्हणजे पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास. पुण्यातील आयुका या संस्थेच्या आवारात असा लंबक आहे. सहलीच्या घाईत त्याच्यापाशी दोन मिनिटे थांबून काही दिसत नाही. तासाभराने परत येऊन पाहिले तर फरक कळतो.

पृथ्वीच्या परिवलनाने मुंबईतला माणूस किती वेगाने फिरतो, आणि हा वेग कायम राहणार आहे का?

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी घेते. विषुववृत्तावर यातून सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेग मिळतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तिचे आसापासूनचे अंतर थोडे कमी आहे आणि वेग सुमारे ४४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर येतो. इथे त्रिज्या म्हणून पृथ्वीची संपूर्ण त्रिज्या घ्यायची नसते, आसापासूनचे लंब अंतर घ्यायचे असते. हा वेग आपल्याला जाणवत नाही, कारण त्यातून येणारे त्वरण विषुववृत्तावरही ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच आहे. श्रीहरिकोट्याहून पूर्वेकडे उडणाऱ्या प्रक्षेपकाला मात्र याच परिवलनातून सेकंदाला सुमारे ४५० मीटरचा वेग आयताच मिळतो.

वेग कायम राहणार नाही. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचे घर्षण पृथ्वीचे परिवलन अतिशय हळू मंदावते आहे आणि दिवस शतकामागे सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो आहे. पृथ्वी आणि चंद्र मिळून कोनीय संवेग जवळजवळ अक्षय्य असल्याने पृथ्वीने गमावलेला वाटा चंद्राच्या कक्षेला मिळतो, आणि चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जातो. अपोलो यात्रांमध्ये चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर पाठवून हे अंतर मोजले जाते. परिवलनातील अशा अनियमिततेशी घड्याळे जुळवून घेण्यासाठी १९७२ पासून अधूनमधून एक लीप सेकंद मिळवला जातो. आजवरचा शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस मिळवला गेला. भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, आणि ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर साडेपाच वाजण्याआधी घड्याळात एक सेकंद जास्तीचा घातला गेला.